सभापतीबाईंचा हेवा

एप्रिल अर्ध्यावर आला की डार्मश्टाटच्या बाहेरच्या शेतांवर काळं प्लास्टिक चकाकायला लागतं. लांबून वाटावं, कुणी जमिनीला रेनकोट घातलाय. त्या प्लास्टिकखाली मातीचे उंच वरंबे असतात आणि वरंब्यांच्या पोटात पांढरी शतावरी, इथल्या भाषेत श्पार्गल. उजेड लागला की ती जांभळी पडते आणि तिचा भाव उतरतो, म्हणून डोकं वर काढायच्या आत तिला कापतात. मग रस्त्याकडेला लाकडी ठेले उभे राहतात. ऑफिसच्या कँटीनमध्ये रोज तेच पांढरं, उकडलेलं, पिवळ्या सॉसखाली झोपलेलं काहीतरी मिळायला लागतं. एरवी हवेखेरीज कशावरही न बोलणारे माझे जर्मन सहकारी एकमेकांना "यंदाची कशी आहे?" म्हणून विचारू लागतात. जून संपता संपता सगळं बंद.

मला हा मोसम फार आवडतो, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. नवऱ्याला, मुलीला, मिरजेला फोनवर आईला. खरं तर मला तो सोसत नाही. ठेल्यावरच्या त्या पांढऱ्या जुड्या दिसल्या की मला लिडिया आठवते, आणि लिडिया आठवली की माझ्या आत काहीतरी आंबट होतं. त्याला साधा शब्द आहे. हेवा. तो शब्द मी आजवर कधी तोंडातून काढला नव्हता.

लिडिया माझी मैत्रीण. विद्यार्थिदशेत आम्ही इथल्या वोनहाइममध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, शेजारशेजारच्या खोल्यांत राहायचो. आज ती आफ्रिकेतल्या एका देशाच्या संसदेची अध्यक्ष आहे. देशाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर कुणीही तिला क्षणात शोधून काढेल आणि हे सगळं तिच्याबद्दल आहे असं समजेल. हे माझ्याबद्दल आहे. आमच्या आईला पंचायत समितीची सवय, म्हणून ती तिला सभापतीबाई म्हणते. दर रविवारी विचारते, "काय गं, तुझ्या सभापतीबाई काय म्हणतायत?" आणि मी दर रविवारी मजेत आहेत म्हणून सांगते. आई मग हमखास पुढचं वाक्य म्हणते, "बघ, एकाच चुलीवर स्वयंपाक करायचात तुम्ही." तिच्या मनात काही नसतं. पण माझा रविवार गेलेला असतो.

ती चूल विजेची होती. तिसऱ्या मजल्यावरचं सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर, खिडकीबाहेर लिंडनचं झाड. उन्हाळी परीक्षेचे दिवस. त्या झाडाला फुलं आली की अख्खं स्वयंपाकघर मधाच्या वासाने भरायचं, आणि त्या वासात उकडत्या बटाट्यांची वाफ, कुणाच्या तरी ओल्या टॉवेलचा कुबट वास आणि माझी फोडणी मिसळायची. मला यंत्रं शिकायची होती, लिडियाला पाणी: धरणं, कालवे, नळ. फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर दोघींना एकच. आम्ही टेबलावर पुस्तकं मांडून बसायचो आणि भूक लागली की पुस्तकं तशीच ढकलून त्याच टेबलावर चिरायला घ्यायचो. कित्येक समीकरणांवर हळदीचे डाग होते.

श्पार्गल आम्हाला परवडायची नाही. पण शेतावर मोडके तुकडे स्वस्तात मिळतात, हे लिडियाने शोधून काढलं. ती सायकलवरून जायची, शेतकऱ्याच्या बायकोशी गप्पा मारायची आणि पिशवी भरून आणायची. मी मोहरी-हिंगाची फोडणी घालून वर दाण्याचं कूट पेरायचे. पहिल्यांदा मी कूट काढलं तेव्हा तिने डब्यात बोट घालून चाटलं आणि ओरडली, "हे तर आमचं आहे!" तिच्या देशातही शेंगदाण्यावाचून पान हलत नाही. ती त्याचा दाट रस्सा करायची, मी कोरडी भाजी. खमंग कुणाचं, यावर वाद व्हायचे. त्या वादांत मी मनापासून हसायचे. त्या दिवसांत माझ्या मनात तिच्याबद्दल काहीही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

मग ती सभा झाली. सभा कसली, मजल्यावरच्या पोरापोरींची बैठक. फ्रिजमधलं चीज कुणीतरी चोरत होतं, भांडी तशीच पडत होती, आणि वोनहाइमच्या समितीवर आमच्या मजल्याचा एक प्रतिनिधी पाठवायचा होता. टोबियास नावाचा एक उंच मुलगा, सँडलमध्ये मोजे घालणारा, बैठक चालवत होता. त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"वैशाली, तू होशील? तुझं सगळ्यांशी पटतं."

मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. समितीत काय बोलायचं हेसुद्धा माझ्या मनात तयार होतं. आणि मी हसून म्हणाले, "छे, छे! मी कुठली! दुसरं कुणीतरी बघा ना."

मिरजेत याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नसता. मिरजेत कुणीतरी म्हणालं असतं, असं कसं, तूच हवीस. मी पुन्हा मान हलवली असती. मग दोघी-तिघींनी हात धरला असता, कुणीतरी टाळी वाजवली असती, आणि मी "बरं बाई, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर" म्हणून उठले असते. पंगतीत जिलबी वाढणाऱ्यालाही आपण पहिल्यांदा पानावर हात आडवा धरूनच दाखवतो. हात आडवा असतो आणि डोळे ताटलीवर. वाढणाऱ्याला हे माहीत असतं.

टोबियासला माहीत नव्हतं. त्याने खांदे उडवले, "ओके, हरकत नाही" म्हणाला आणि पुढच्या खुर्चीकडे वळला. मला अजून आठवतं, मी हसू तसंच धरून बसले होते. मला वाटत होतं, तो एक फेरी पूर्ण करेल आणि परत माझ्यापाशी येईल.

लिडिया म्हणाली, "मी होते."

एवढंच. लाजली नाही, प्रस्तावना केली नाही. कुणाला ते आगाऊ वाटलं नाही. फक्त मला वाटलं. मी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

तिने काम झकास केलं, हे लिहिताना आजही पेन अडतं. पहिल्याच बैठकीत तिने माझं उलथनं उचललं, आईने मिरजेहून दिलेलं लोखंडी, आणि जाहीर केलं की ज्याच्या हातात हे असेल तोच बोलेल. बाकीचे गप्प. चीजचोर त्या संध्याकाळी स्वतःहून कबूल झाला. आज तिच्या संसदेत तिच्यापुढे सोनेरी राजदंड ठेवलेला असतो, आणि तो दिसला की मला माझं उलथनं दिसतं. माझ्या वस्तूने ती शिकली, असं मी मनातल्या मनात किती वेळा म्हटलंय. जसं काही उलथनं बोलत होतं.

शिकून ती परत गेली. एका जिल्ह्याच्या पाणीखात्यात लागली, खेड्याखेड्यांतून पंप बसवत फिरली. मी इथेच राहिले. ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या चाचणी विभागात मला नोकरी मिळाली, मकरंद भेटला, लग्न झालं, रेवा झाली. मग एक दिवस लिडियाचा फोन, निवडणुकीला उभी राहतेय. ती पडली. दणकून पडली. फोनवर स्वतःच्याच फजितीवर हसत होती, आणि मी "अगं, पुढच्या वेळी नक्की" म्हणत होते. त्या संध्याकाळी मी शिरा केला. मकरंद म्हणाला, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "रवा संपवायचा होता." शिऱ्यात मी केशर घातलं होतं. रवा संपवायला कुणी केशर घालत नाही. मकरंदने दोनदा मागून खाल्ला आणि काही विचारलं नाही.

पुढच्या निवडणुकीत ती जिंकली. मग सरकारी हिशेब तपासणारी समिती, मग उपाध्यक्षपद, मग अध्यक्षपद. प्रत्येक पायरीवर तिचा फोन यायचा आणि प्रत्येक पायरीवर ती सांगायची की मी त्यांना म्हटलं, मला हे करायचं आहे. ती हे इतक्या सहज सांगायची, जसं आपण भाजीवाल्याला पावशेर मिरच्या दे म्हणतो. माझ्या विभागात मला दोनदा प्रमुखपद विचारलं गेलं. दोन्ही वेळा मी, रेवा लहान आहे, माझं जर्मन अजून तेवढं नाही, असं काहीबाही पुटपुटले आणि थांबून राहिले. आता माझा प्रमुख माझ्यापेक्षा बराच लहान मुलगा आहे. चांगला आहे. वाढदिवसाला मला फुलं देतो.

संस्कारांवर ढकलणं सोपं आहे. मी कैक वर्षं तेच केलं: आम्हाला असंच शिकवलं, मागू नये, मिळालं तर घ्यावं. पण माझ्याबरोबरच्या कितीतरी मराठी पोरी इथे येऊन मागायला शिकल्याच की. माझी गोष्ट जरा वेगळी. मला ते मिळायलाही हवं होतं आणि मागितल्याचा डागही नको होता. मागून नाही मिळालं तर जी शोभा होते, तिची मला भीती होती. लिडियाची ती शोभा अख्ख्या मतदारसंघासमोर झाली, आणि ती हसत फोनवर सांगत होती. माझा खरा हेवा तिच्या खुर्चीचा नव्हताच बहुधा. त्या हसण्याचा होता.

आता सगळ्यात लाजिरवाणं. तिच्या संसदेचं कामकाज इंटरनेटवर थेट दिसतं. मी ते बघते. बातमीतला तुकडा नव्हे, पूर्ण बैठक. घरून काम असतं त्या दिवशी एका पडद्यावर ब्रेकच्या चाचणीचे आलेख आणि दुसऱ्यावर प्रश्नोत्तराचा तास. मकरंदला आधी वाटायचं मी मालिका लावते. मला तिथले सदस्य तोंडपाठ आहेत, हरकतीचा मुद्दा कुठल्या नियमाखाली येतो ते माहीत आहे, अर्थसंकल्पाच्या आठवड्यात कोण सभात्याग करणार ते मी आधी सांगू शकते. आणि हे सगळं मी कशासाठी बघते? ती चुकावी म्हणून. ती अडखळली, तिने एखाद्याचा माइक घाईने बंद केला, पाणीपट्टीच्या विधेयकावर समसमान मतं पडली तेव्हा तिने निर्णायक मत सरकारच्या पारड्यात टाकलं, प्रत्येक वेळी मला थंडावा मिळाला. पाणीपट्टीच्या दिवशी तर मी त्या व्हिडिओखालचा उलटा अंगठा दाबला. पन्नाशी ओलांडलेली बाई, घरात एकटी, आणि अंगठा दाबून इकडेतिकडे बघते.

यंदा मे महिन्यात तिचा फोन आला. जर्मनीत शिष्टमंडळ घेऊन येतेय, डार्मश्टाटला विद्यापीठात कार्यक्रम आहे, आणि एक अख्खी दुपार तिने माझ्यासाठी ठेवलीय. "हॉटेलात नको. तुझ्या घरी. कूट घातलेली भाजी कर."

मी फोन ठेवला. इतकी वर्षं फोनवर निभावलं होतं. फोनवर चेहरा नसतो. आता ती समोर बसणार, मला मैत्रीण म्हणणार, आणि मी ते ऐकून घेणार. मला दोनच गोष्टी दिसत होत्या. तिला खरं सांगायचं आणि मैत्री गमवायची, किंवा न सांगता ती जन्मभर अशीच खोटी चालवायची. माझ्या आयुष्यात ओळखीचे खूप आहेत. मैत्रीण म्हणावी अशी लिडिया एकटीच.

ती आली. सोबतची माणसं खाली गाडीत थांबली. ती दारातच बूट काढून अनवाणी आत शिरली, जशी वोनहाइममध्ये शिरायची. केस पांढरे झालेत, चालताना एक गुडघा जपते. मकरंदने लगेच सुरू केलं, "मॅडम स्पीकर, आमच्या घरात बोलायची परवानगी कुणाकडे मागायची?"

"वैशालीकडे," ती म्हणाली. "मी आज सुट्टीवर आहे. आणि मकरंद, तुम्ही आधीच नियम मोडून बोललात."

रेवा हॅनोव्हरहून खास आली होती. ती तिथे राज्यशास्त्र शिकते आणि तिच्या खोलीच्या भिंतीवर लिडियाचा फोटो आहे. माझा नाही, आयांचे कुठे लावतात. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमधूनच येतं. लिडियाशी जर्मन चालत असल्यामुळे तर त्या दिवशी तिला लगामच नव्हता. जेवता जेवता ती म्हणाली, "तुम्हाला माहितेय का, आई तुमची संसद बघते? सगळी. तासन् तास. इतकं प्रेम करते ती तुमच्यावर!"

लिडियाने घास खाली ठेवला. "सगळी?"

"गेनाऊ, अगदी बरोबर! पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाबांना विचारा."

"मी तर मध्येच झोपतो," मकरंद म्हणाला.

सगळे हसले. मी भाजी वाढायला उठले. गोड बोलून माझी चोरी माझ्या मुलीनेच ताटात वाढली होती, आणि वर तिला प्रेम असं नाव दिलं होतं. तेवढं मात्र मला गिळता येईना.

जेवणं झाल्यावर मकरंद आणि रेवा आइस्क्रीम आणायला गेले. आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या. ती भांडी विसळत होती, मी पुसत होते. मी म्हणाले, "रेवा म्हणाली ते खरं नाही. म्हणजे बघते ते खरं. प्रेमाने नाही बघत."

ती पाणी बंद करून थांबली. मी सांगत सुटले. शिरा, अंगठा, टोबियासची बैठक, सगळं एका दमात, जर्मनमध्ये, व्याकरणाचा चुराडा करत. शेवटी म्हणाले, "मला तुझा हेवा वाटतो. कायमच वाटत आलाय. आता तू ठरव."

तिने हात पुसले. टॉवेल घडी करून ठेवला. मग म्हणाली, "माझी सख्खी बहीण दोन मिनिटांचा तुकडा बघते आणि छान बोललीस म्हणते. नवरा तोही बघत नाही. पूर्ण बैठक बघणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं." मग जरा कोरडेपणाने, "शिरा मी कधी खाल्लेला नाही. पण त्या दिवशी मी फोन ठेवल्यावर खूप रडले होते. तू गोड खात होतीस तर."

"हो."

"हे मला लागलं, वैशाली."

"माहीत आहे."

ती खुर्ची ओढून बसली. जपायचा गुडघा लांब केला. मला वाटलं, आता खालच्या माणसांना फोन करेल. ती म्हणाली, "एवढं बघितलंस तर सांग. कुठे चुकते मी? माझ्याभोवती खरं सांगणारं कुणी उरलेलं नाही. तू चुकाच शोधत होतीस ना? मग तुझ्याकडे असतील."

होत्या. पुष्कळ होत्या. पण त्या क्षणी घाईने बंद केलेला माइक, पाणीपट्टी, काहीच ओठांवर आलं नाही. आली ती एक बाई. त्यांच्या सभागृहात अगदी मागच्या रांगेत बसते, डोक्याला हिरवट रुमाल, पहिल्यांदाच निवडून आलेली. ती हात कोपरापर्यंतच वर करते. कुणी बघितलं तर बोट वर, नाही बघितलं तर कान खाजवल्यासारखं. महिनोन् महिने मी ते बघत होते. पुढचे ओरडतात आणि त्यांना वेळ मिळतो. ती हात खाली घेते आणि कागद सारखे करते.

"एकदा तू तिला विचारलंस," मी म्हणाले. "तिने मान हलवून नाही म्हटलं. तू लगेच पुढच्याकडे वळलीस."

"नाही म्हणाली ना ती."

"ती नाही म्हणते, लिडिया. तिला पुन्हा विचारावं लागतं."

लिडिया हरकत घेईल असं मला वाटलं. सभागृहात कुणाकुणाला पुन्हा विचारत बसू, वेळ कुठे आहे, असं ती म्हणू शकली असती, आणि ते खरंही ठरलं असतं. दारात किल्ली वाजली, रेवा आइस्क्रीम वितळतंय म्हणून ओरडत आली. निघताना लिडियाने मला मिठी मारली, नेहमीपेक्षा आखूड. मैत्री राहिली की गेली, हे मला त्या मिठीवरून कळलं नाही.

मागच्या आठवड्यात त्यांचं अधिवेशन सुरू झालं. मी लावलं. सवय आहे, ती काही एका दुपारीत जात नाही. शेतीवरची चर्चा, पुढच्या रांगेतला नेहमीचा आरडाओरडा. मागे तो हात वर आला, कोपरापर्यंत. लिडियाने चष्म्यावरून पाहिलं आणि त्या बाईच्या मतदारसंघाचं नाव पुकारलं. बाईने मान हलवली, नाही. पुढचा एक जण लगेच उठून उभा राहिला. लिडियाने त्याला हाताने खाली बसवलं आणि ती थांबली. सभागृहात कुजबुज सुरू झाली, कुणीतरी बाक वाजवला, तरी ती थांबली. मग तिने तेच नाव पुन्हा पुकारलं.

ती बाई उठली. पहिली दोन वाक्यं माइकमध्ये आलीच नाहीत. मग आवाज लागला. कुठल्याशा खेड्यातल्या धान्याच्या गोदामाबद्दल बोलत होती, आणि चांगलं बोलत होती.

पलीकडच्या पडद्यावर माझे आलेख थांबलेले होते. मकरंदने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय झालं गं? चुकली का तुझी सभापतीबाई?"

"नाही," मी म्हणाले.

मला हेवा वाटत होता. मागच्या रांगेतल्या त्या बाईचा.